एकान्तकोठडीचा उगम : अमेरिकेंतील कारागृह-सुधारणेचें पहिलें अर्धशतक

कैद्यास एकट्यास कोठडींत कोंडून ठेवण्याची चाल अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत क्वेकर पंथीयांनीं सुरू केली, हें विधान कारागृहांच्या इतिहासावरील लिखाणांत वारंवार आढळतें, आणि एका लेखांतून दुसऱ्या लेखांत तें तपासल्यावांचून उतरत जातें. क्वेकर लोक उपाध्यायावांचून, मुकाट्यानें बसून उपासना करतात. तेव्हां कैद्यावरहि मौन त्यांनींच लादलें असावें, हें अनुमान मनास सहज पटतें. परंतु सहज पटणारें अनुमान हें प्रमाण नव्हे. तत्कालीन कायदे, संस्थांचे अहवाल, प्रवाशांचीं वृत्तें व कारागृहांच्या नोंदवह्या यांतील जो भाग छापून प्रसिद्ध झाला आहे, तो कालानुक्रमानें लावून पाहिला असतां निराळाच प्रकार दिसतो. ही चाल एका पंथाच्या मतांतून निघालेली नाहीं. उघड्या रस्त्यावर चाललेल्या एका विटंबनेचा वीट येऊन ती निघाली. ती दयाबुद्धीनें निघाली. आणि तिचे घातक परिणाम पुरतीं चाळीस वर्षें होण्यापूर्वींच कागदावर येऊन चुकले होते, तरीहि ती टिकली. हें कसें घडलें याचा शोध घेणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम विल्यम पेन यांजविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. पेनसिल्व्हानिया वसाहतीचे हे संस्थापक स्वतः बंदिवास भोगलेले गृहस्थ होते. धर्ममतापायीं त्यांस लंडनच्या टॉवरमध्यें व पुढें न्यूगेटच्या तुरुंगांत राहावें लागलें होतें. डिसेंबर १६८२ मध्यें त्यांच्या वसाहतीनें जो कायदा केला, त्यांत देहान्ताची शिक्षा बुद्धिपुरस्सर केलेल्या खुनापुरतीच ठेविली, आणि कैद्याकडून कोठडीचें भाडें किंवा खोराकीचे पैसे घेऊं नयेत असेंहि लिहून ठेविलें. त्या काळीं इंग्लंडांत चोरीसारख्या अपराधासहि फांशी होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कायद्याची योग्यता कळते. हा कायदा पेन वारल्यावर रद्द झाला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें असतें. पण तिथि तसें सांगत नाहींत. इंग्रजी धर्तीचा कडक कायदा वसाहतीनें मे १७१८ मध्यें स्वीकारला. पेन त्याच वर्षाच्या जुलईअखेर वारले. कारणहि धन्याचा मृत्यु हें नव्हे. क्वेकरांस शपथ घेणें निषिद्ध असल्यामुळें न्यायालयांत साक्ष देणें व अधिकारपदें धारण करणें त्यांस दुर्घट झालें होतें. शपथेवांचून केवळ प्रतिज्ञेवर हीं कामें करण्याची मुभा मिळावी, म्हणून त्यांच्याच विधिमंडळानें इंग्रजी फौजदारी कायदा पत्करला. स्वतःच्या सदसद्विवेकाची सोय पाहतांना त्यांनीं चोराच्या गळ्यांतील फांस पुन्हां आवळला, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

यापुढील साठ-सत्तर वर्षें अमेरिकेंतील इतर वसाहतींप्रमाणें पेनसिल्व्हानियांतहि फटके, खोडा, डागणें व फांशी हेच शिक्षेचे मुख्य प्रकार होते. तुरुंग ही शिक्षा नव्हती. खटला उभा राहीपर्यंत आरोपीस, व कर्ज फिटेपर्यंत ऋणकोस, अडकवून ठेवण्याची ती जागा होती. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस याचें नवल वाटूं नये. मनूनें वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड असे दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत. बंधनाचा उल्लेख त्याच अध्यायांत दुसरीकडे येतो, पण या चौकडींत तें नाहीं. अमुक अपराधास अमुक वर्षें कारागृह, असा काळाच्या मापानें शिक्षा मोजण्याचा प्रघात जगांत सर्वत्र बराच अर्वाचीन आहे.

अमेरिकेनें इंग्लंडाचें जूं झुगारून दिल्यावर १७७६ मध्यें पेनसिल्व्हानियानें जी राज्यघटना केली, तींत शिक्षा कमी रक्तपाती कराव्या व अपराध्यांस श्रम करावयास लावावें, असें नमूद होतें. युद्धाच्या धामधुमींत दहा वर्षें तसेंच राहिलें. अखेर सप्टेंबर १७८६ मध्यें कायदा झाला, आणि चोरी, घरफोडी इत्यादि कित्येक अपराधांस फांशीऐवजीं सार्वजनिक रस्त्यांवर सक्तमजुरी ठरली. कायदा करणारांस यांत मोठी सुधारणा वाटली, व एका अर्थीं ती होतीच. परंतु प्रत्यक्षांत काय दिसूं लागलें? डोकें भादरलेले, जाडेंभरडें चमत्कारिक वस्त्र पांघरलेले, साखळीनें लोखंडी गोळा जखडलेले अपराधी एकचाकी ढकलगाड्या घेऊन फिलाडेल्फियाचे रस्ते झाडीत हिंडूं लागले. या गाड्यांवरूनच तो कायदा लोकांच्या तोंडीं 'ढकलगाडीचा कायदा' झाला. पोरें मागें लागत. कोणी शिव्या देई, कोणी कींव येऊन पैसे देई, त्या पैशांची दारू होई, आणि दारूंतून मारामाऱ्या उपजत. शहराची सडक हाच तुरुंग झाला होता.

या दृश्यास वैतागून ज्यांनीं प्रथम शास्त्रशुद्ध आक्षेप घेतला, ते वैद्य बेंजामिन रश. अमेरिकेच्या स्वातंत्र्यपत्रावर सही करणारांपैकीं हे एक होत. हे क्वेकर नव्हते. प्रेसबिटेरियन पंथांत वाढलेले होते. दिनांक ९ मार्च १७८७ रोजीं बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या घरीं जमलेल्या मंडळीपुढें त्यांनीं सार्वजनिक शिक्षांच्या परिणामांविषयीं एक निबंध वाचला. फ्रँक्लिन त्या वेळीं एक्याऐशीं वर्षांचे होते. रश यांचा मुद्दा असा कीं, चारचौघांत दिलेली शिक्षा अपराध्याची लाज नाहींशी करते, आणि लाज गेली म्हणजे सुधारणेचें मूळच तुटतें. बघणाराचीहि तशीच हानि होते: दुःख पाहून तें निवारण करतां येत नाहीं असें रोज घडूं लागलें, म्हणजे त्याची करुणा बोथट होते, किंवा ती अपराध्याच्या बाजूनें वळून कायद्याविषयीं द्वेष उपजतो. यासाठीं शिक्षा दृष्टीआड द्यावी, वस्तीपासून दूर अशा घरांत द्यावी, आणि तिची मुदत कैद्यास कळूं देऊं नये, असें त्यांनीं सुचविलें. आमच्याकडील वाचकांस येथें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाची आठवण होईल. तेथें राजानें सर्व बंधनगृहें राजमार्गावर बांधावीं, म्हणजे पाप करणारे दुःखी व विरूप झालेले लोकांस दिसतील, असें सांगितलें आहे. रश यांनीं नेमका याच्या उलट सिद्धान्त मांडला, आणि पाश्चात्त्य देशांत पुढील दोन शतकें तोच चालला. मनूच्या काळीं बंधनगृहाचें दर्शन लोकांस धाक म्हणून सांगितलें होतें. रश यांनीं न दिसणाऱ्या घराच्या कल्पनेंतच त्याहून मोठा धाक पाहिला. तें घर लोखंडी दारांचें, डोंगरांनीं किंवा दलदलीनें वेढलेलें असावें, हीं त्यांचीं वर्णनें वाचतांना वैद्यांच्या ठिकाणीं कवीचाहि अंश होता असें वाटतें.

निबंध वाचून दोन महिने होतात न होतात तोंच, ८ मे १७८७ रोजीं, फिलाडेल्फियांत सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. हिच्या सभासदांत क्वेकर पुष्कळ होते हें खरें. तथापि अध्यक्ष होते विल्यम व्हाइट. हे त्यापूर्वींच एपिस्कोपल पंथाचे बिशप झाले होते, आणि १८३६ मध्यें वारले तोंपर्यंत सुमारें एकोणपन्नास वर्षें याच पदावर राहिले. तेव्हां आरंभीं उल्लेखिलेलें विधान अर्धेंच खरें आहे: मनुष्यबळ बऱ्याच अंशीं क्वेकरांचें, विचार एका प्रेसबिटेरियन वैद्याचा, आणि अध्यक्षस्थान बिशपाचें. शिवाय इंग्लंडांतील जॉन हॉवर्ड यांचें तुरुंगांविषयींचें १७७७ चें पुस्तक या मंडळीच्या हातीं होतें व त्यांच्याशीं पत्रव्यवहारहि झाला होता. इटलीच्या बेक्कारिया यांचा १७६४ चा ग्रंथ तर त्या पिढीच्या साऱ्या सुशिक्षितांनीं वाचलेला होता.

मंडळीच्या लोकांनीं वॉलनट स्ट्रीटवरील तुरुंगांत जाऊन पाहण्यास सुरुवात केली. तेथें जेलर स्वतःच दारू विकीत असे. नव्या कैद्यानें जुन्यांस दारू पाजावी असा दंडक होता, आणि पैसे नसल्यास त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेत. ऋणको, दरोडेखोर, स्त्रिया, पोरें सर्व सरमिसळ. निर्दोष सुटलेल्यासहि जेलरची फी भरल्यावांचून बाहेर पडतां येत नसे. याच वेळची एक हकीकत रॉबर्ट्स व्हॉक्स यांनीं १८२६ मध्यें छापलेल्या वृत्तांत आहे. विल्यम रॉजर्स नांवाचे धर्मोपदेशक कैद्यांपुढें प्रवचन करावयास आले, तेव्हां जेलरनें त्यांच्याशेजारीं एक भरलेली तोफ ठेवविली आणि तिजपाशीं पेटती बत्ती हातीं धरून एक मनुष्य उभा केला. कैद्यांस अंगणांत रांगांनीं तोफेच्या तोंडासमोर उभें करण्यांत आलें होतें. जेलरचा हेतु उपदेशकांचें संरक्षण हा नसून त्यांस घाबरविण्याचा होता, असें बहुतेकांचें मत आहे, व आम्हांसहि तेंच सयुक्तिक दिसतें; कारण प्रवचनें चालूं झालीं असतीं तर दारूचा धंदा बसला असता. प्रवचन मात्र पार पडलें.

मंडळीनें जानेवारी १७८८ मध्यें विधिमंडळास जो अर्ज केला, त्यांत श्रम खाजगी असावे, किंबहुना एकान्तांतहि असावे, अशी मागणी आहे. 'किंबहुना' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकान्त ही तोंवर एक पुस्ती होती, मुख्य वस्तु नव्हे. पुढें ५ एप्रिल १७९० च्या कायद्यानें वॉलनट स्ट्रीटच्या आवारांत एकान्तकोठड्यांची इमारत बांधण्याचें ठरलें. कोठड्या किती? अवघ्या सोळा. प्रत्येक सहा फूट रुंद, आठ फूट लांब व नऊ फूट उंच. खिडकी उंच व आडपडद्याची, म्हणजे आंतील मनुष्यास बाहेरचें कांहीं दिसूं नये. भयंकर अपराध्यांस शिक्षेचा कांहीं भागच येथें काढावयाचा असे. बाकी शेंकडों कैदी दिवसा एकत्र खिळे घडीत, दगड कापीत, जोडे शिवीत, विणकाम करीत, आणि त्यांच्या मजुरीचा व खर्चाचा हिशेब नांवनिशीवार ठेवला जाई. फ्रान्सचे ला रोशफूको-लियांकूर यांनीं हा तुरुंग पाहून १७९६ मध्यें त्याचें वर्णन छापलें. बेड्या नाहींत, फटके नाहींत, हें पाहून ते प्रसन्न झाले. त्या सुमारास तेथील कारभार मेरी वीड नांवाच्या स्त्रीच्या हातीं होता. १७९३ च्या पीतज्वराच्या सांथींत पति वारल्यावर त्याची जागा तिला मिळाली होती. तुरुंगाच्या इतिहासांत हें उदाहरण विरळा आहे.

याच घराला 'पेनिटेन्शरी' हें नांव मिळालें. तो शब्द लॅटिन भाषेंतील पश्चात्तापवाचक शब्दापासून आलेला असून इंग्लंडच्या १७७९ च्या कायद्यांत आधींच आला होता. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर दंडास प्रायश्चित्ताचें रूप देण्याचा हा यत्न होय. राजदंड भोगलेला मनुष्य शुद्ध होतो असें स्मृतिकारहि म्हणतात. तथापि प्रायश्चित्त हें कर्त्यानें आपण होऊन, पर्षदेपुढें जाऊन मागावयाचें असतें. दुसऱ्यानें बाहेरून कडी घालून करविलेल्या अनुतापास तें नांव शोभेल काय, हा प्रश्न वाचकांपुढें ठेवून आम्ही पुढें जातों.

वॉलनट स्ट्रीटची कीर्ति झपाट्यानें पसरली. न्यूयॉर्कनें १७९७ मध्यें, व्हर्जिनियानें १८०० मध्यें, मॅसॅच्युसेट्सनें १८०५ मध्यें आपापलीं कारागृहें उघडलीं. मूळ घराची मात्र दहा-पंधरा वर्षांतच दुर्दशा झाली. कैदी वाढले, जागा तीच राहिली. नव्यांस जागा करावी म्हणून जुन्यांस माफी देऊन सोडण्याचा परिपाठ पडला. १८२० मध्यें तेथें मोठा दंगा झाला. आतां या अपयशाचें निदान कसें करावें? गर्दीमुळें व्यवस्था मोडली, असें कोणासहि वाटेल. फिलाडेल्फियाच्या मंडळीनें निदान केलें तें असें कीं, एकान्त पुरेसा दिला गेला नाहीं. सोळा कोठड्यांनीं काय होणार. प्रत्येक कैद्यास आरंभापासून अखेरपर्यंत स्वतंत्र कोठडी पाहिजे. १७८८ च्या अर्जांतील पुस्ती येथें मुख्य ग्रंथ झाली. या सर्व इतिहासांतील वळण आमच्या मतें हेंच होय.

पण ही प्रचीति घेण्याचा पहिला मान फिलाडेल्फियाकडे गेला नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांतील ऑबर्न येथें १८१६ पासून नवें कारागृह उठत होतें. तेथें १८२१ च्या डिसेंबरांत ऐशीं अट्टल कैदी निवडून त्यांस एकेकट्या कोठडींत ठेवण्यांत आलें. काम नाहीं, सोबत नाहीं, बोलणें नाहीं. कोठडी साडेतीन फूट रुंद, सात फूट लांब व सातच फूट उंच. वर्ष उलटण्यापूर्वीं पांच जण मेले. एकास वेड लागलें. एकानें कोठडीचें दार उघडतांच वरच्या मजल्याच्या सज्जावरून खालीं उडी टाकली. उरलेल्यांची स्थिति पाहून गव्हर्नरांनीं सव्वीस जणांस माफी दिली, आणि बाकीच्यांस दिवसा कामासाठीं बाहेर काढण्यांत आलें. हा सारा प्रकार ऑबर्नच्याच अधिकाऱ्यांनीं लिहून ठेविला व छापविला. कोणा शत्रूनें रचलेली ही कथा नव्हे.

यानंतर ऑबर्ननें तडजोड काढली. रात्रीं एकेक कोठडी. दिवसा सर्वांनीं एकत्र काम करावयाचें, पण शब्द उच्चारावयाचा नाहीं, दृष्टि वर करावयाची नाहीं. कैदी एकामागें एक, हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवून, पावलास पाऊल जुळवीत चालत. नियम मोडला कीं चाबूक, आणि तोहि जागच्या जागीं. या पद्धतीचे कर्ते एलम लिंड्स यांनीं १८२५ मध्यें ऑबर्नचे शंभर कैदी बरोबर नेऊन हडसन नदीच्या कांठीं उघड्यावर मुक्काम केला, आणि त्यांच्याच हातून सिंग सिंग येथील कारागृह उभें करविलें. कुंपण नाहीं, भिंत नाहीं, आणि कैदी स्वतःचा तुरुंग बांधीत आहेत! लिंड्स यांच्या करारीपणाची यांत कमाल दिसते. त्यांच्याविषयीं आदर मात्र आमच्या मनांत उपजत नाहीं.

ऑबर्नचा अनुभव फिलाडेल्फियास कळला होता. तेथील कैवारी म्हणत कीं, ऑबर्नच्या कोठड्या फार लहान, तेथें काम नव्हतें, मोकळी हवा नव्हती. आम्ही मोठी कोठडी देऊं, काम देऊं, फिरावयास अंगण देऊं. हा युक्तिवाद टाकाऊ नव्हता, आणि ऑबर्नच्या चाबकापेक्षां आपली रीत सौम्य आहे ही त्यांची श्रद्धाहि खोटी नव्हती. तथापि इशारा देणारे थोडे नव्हते. फ्रान्सचे सेनानी लाफायेत १८२४-२५ मध्यें अमेरिकेंत आले असतां त्यांनीं या योजनेस नापसंति दाखविली. त्यांचा अधिकार मोठा होता, कारण ऑस्ट्रियाच्या ताब्यांतील ओल्म्युट्झ येथें त्यांनीं स्वतः कडक बंदिवास काढला होता. एकान्तांत आपल्या मतांत तिळभर पालट झाला नाहीं, असा त्यांचा दाखला होता. लिव्हरपूलचे विल्यम रॉस्को यांनीं लेखद्वारा विरोध केला, त्यास व्हॉक्स यांनीं १८२७ मध्यें पत्ररूपानें उत्तर छापलें. संस्थानानें नेमलेल्या आयुक्तांनींहि १८२८ मध्यें ऑबर्नच्या बाजूनें मत दिलें. विधिमंडळानें तें मानलें नाहीं. एप्रिल १८२९ च्या कायद्यानें एकान्त व श्रम या जोडीवर शिक्कामोर्तब झालें. याला कारण तत्त्वाइतकेंच दगडविटांचें होतें, असें आम्हांस वाटतें: इमारत जवळजवळ उभी राहिली होती, आणि ती दुसऱ्या कोणत्याहि पद्धतीस उपयोगी पडण्याजोगी नव्हती.

ही इमारत म्हणजे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. शिल्पकार जॉन हॅव्हिलंड, जन्मानें इंग्रज. सुमारें अकरा एकरांचें आवार, तीस फूट उंच तट, मध्यभागीं एक गोल दालन व त्यांतून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात ओळी. खर्च सुमारें पावणेआठ लक्ष डॉलर. प्रत्येक कोठडीस छतांतून उजेड, मागें स्वतंत्र लहान अंगण, नळाचें पाणी व शौचकूप. त्या काळच्या श्रीमंतांच्या घरींहि ही सोय क्वचितच असे. तिचें कारण ऐषआराम नव्हे; कोणत्याहि निमित्तानें कैदी कोठडीबाहेर येऊं नये हें होय. बाहेर न्यावयाचा झाल्यास त्याच्या तोंडावर बुरखा चढवीत, म्हणजे त्यानें कोणास व कोणीं त्यास ओळखूं नये. तरीहि माणसास माणसाशीं बोलावयाचें असतें. शौचकूपांचे नळ रिकामे झाले कीं कैदी त्यांतून एकमेकांशीं बोलत, हें लौकरच उघडकीस आलें.

पहिला कैदी ऑक्टोबर १८२९ मध्यें आला. जुन्या कागदांचा ज्यांस नाद आहे, त्यांनीं त्याच्या नोंदीकडे अवश्य लक्ष द्यावें. नांव चार्ल्स विल्यम्स, वय अठरा, धंदा शेतकी, वर्ण काळा, पण त्यांतल्या त्यांत उजळ. उंची पांच फूट सात इंच. पाऊल अकरा इंच. नाकावर व्रण, मांडीवर व्रण. तोंड रुंद, डोळे काळे. वाचूं शकतो. अपराध घरफोडी, चोरीचा माल वीस डॉलरचें घड्याळ, तीन डॉलरची सोन्याची मुद्रा आणि एक सोन्याची किल्ली. शिक्षा दोन वर्षें, श्रमासह. ही नोंद वाचतांना आम्हांस आपल्याकडील चेहरेपटाची आठवण झाली. शिलेदाराच्या घोड्याचे रंग व डाग लिहून घ्यावे, तशीच ही तऱ्हा. पावलाचें माप आहे, व्रणांची गणना आहे, साक्षरतेची दाद आहे. पण कैदी काय बोलला, याचें अक्षरहि नाहीं. सुधारणेच्या पहिल्या पन्नास वर्षांतील जवळजवळ सारें दप्तर असेंच आहे. लिहिणारे अधिकारी, छापविणारे हितचिंतक. आणि ज्याच्यासाठीं हें सर्व केलें, तो मुका. मुक्यास पश्चात्ताप झाला आहे असें लिहिणें सोपें असतें.

या अंधारांत एक कवडसा आहे. फ्रान्सच्या सरकारच्या संमतीनें अलेक्सी द तोकव्हील व गुस्ताव्ह द बोमों हे दोघे तरुण विधिज्ञ मे १८३१ मध्यें अमेरिकेंत उतरले, आणि सिंग सिंग व ऑबर्न पाहून ऑक्टोबरांत फिलाडेल्फियास आले. ईस्टर्नच्या कोठड्यांत एकट्यानें जाऊन, अधिकारी जवळ नसतां कैद्यांशीं बोलण्याची परवानगी तोकव्हील यांस मिळाली. तीं टांचणें १८३३ मध्यें त्यांच्या अहवालाच्या पुरवणींत छापलीं गेलीं; नांवें न देतां केवळ क्रमांक घातले आहेत. कित्येकांनीं सांगितलें कीं, जुन्या तुरुंगाच्या बाजारापेक्षां हें बरें. जवळजवळ सर्वांनीं सांगितलें कीं, काम नसतें तर जगणें अशक्य झालें असतें. पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आलें. एकानें सांगितलें कीं, अंगणांत एखादा रातकिडा आला तर सोबती आल्यासारखें वाटतें, आणि फुलपांखरूं आंत आलें तर आपण त्यास कधीं इजा करीत नाहीं. मंडळीच्या सर्व अहवालांपेक्षां हें एक वाक्य आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. त्याच ग्रंथांत एक हिशेबहि आहे: ज्या संस्थानांत तीस गोऱ्यांमागें एक काळा मनुष्य, तेथील तुरुंगांत चार गोऱ्यांमागें एक काळा. चार्ल्स विल्यम्सची नोंद या हिशेबाशेजारीं ठेवून वाचावी.

सौम्यतेचा दावा तर १८३३ मध्येंच उघडा पडला. मथायस मॅकम्सी नांवाच्या कैद्यानें मौनाचा नियम मोडला, म्हणून त्याच्या तोंडांत लोखंडी लगाम घालून साखळी मानेमागें आवळली. त्यांत तो मेला. विधिमंडळानें चौकशी नेमली, साक्षी झाल्या, त्या १८३५ मध्यें छापल्या, आणि पद्धति तशीच चालू राहिली. चाबूक नको म्हणून जें घर बांधलें, तेथें लगाम आला.

चार्ल्स डिकन्स मार्च १८४२ मध्यें येथें आले व त्याच वर्षीं छापलेल्या प्रवासवृत्तांत त्यांनीं या एकान्तावर कडाडून टीका केली. ती टीका सर्वविश्रुत आहे. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधणें अवश्य वाटतें. ज्या जर्मन कैद्यानें सुताच्या रंगांनीं आपली कोठडी चितारली होती व ज्याचें चित्र डिकन्स यांनीं अत्यंत करुण रंगविलें, तो चार्ल्स लँगनहाइमर लवकरच खचून मरेल असें वाचकास वाटतें. प्रत्यक्षांत तो पुढें चाळीस वर्षांहून अधिक जगला, पुनःपुन्हां चोऱ्या करून तुरुंगांत येत राहिला, आणि १८८४ मध्यें त्याच कारागृहांत निवर्तला. पद्धतीच्या कैवाऱ्यांनीं यावरून डिकन्स यांस खोटें ठरविलें. आम्हांस हा निष्कर्ष उलटाच दिसतो. मरावयाससुद्धां जो मनुष्य त्याच दाराशीं परत येतो, त्याचें त्या घरानें काय केलें होतें, याचा विचार त्यांनीं करावयास हवा होता.

पुढील वाद थोडक्यांत सांगतां येतो. अमेरिकेंतील बहुतेक संस्थानांनीं ऑबर्नची पद्धति घेतली, कारण एकत्र कामाच्या मिळकतींतून तेथील कारागृहाचा खर्च भागे. फिलाडेल्फियाची पद्धति खर्चाची होती. करुणेचा कौल घेतलाच गेला नाहीं, हिशेबवहीचा घेतला गेला. युरोपांत उलट झालें: इंग्लंडचे विल्यम क्रॉफर्ड यांचा अहवाल १८३४ मध्यें निघाला, आणि लंडनचें पेंटनव्हिल कारागृह १८४२ मध्यें फिलाडेल्फियाच्या धर्तीवर उघडलें. खुद्द पेनसिल्व्हानियानें ही पद्धति कायद्यानें सोडली ती १९१३ मध्यें. ईस्टर्न कारागृह १९७१ मध्यें बंद झालें व आतां तें वस्तुसंग्रहालय आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. मेकॉले यांच्या डिसेंबर १८३५ मधील सूचनेवरून हिंदुस्थानांतील तुरुंगांच्या चौकशीसाठीं समिति नेमली गेली व तिचा अहवाल १८३८ मध्यें सादर झाला. बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळ्या रस्त्यांच्या कामावर लावण्याची चाल तिनें दूषणीय ठरविली आणि तटबंदीच्या आंतील मध्यवर्ती कारागृहांची शिफारस केली. ढकलगाडीच्या कायद्यावर रश यांनीं जो आक्षेप घेतला, त्याचीच ही अर्धशतकानंतरची आवृत्ति होय, जरी समितीचा रोंख कळवळ्यापेक्षां धाकाकडे अधिक होता. १८६० च्या दंडसंहितेनें एकान्तवासाची शिक्षा ठेविली, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाहीं, व एका वेळीं चौदा दिवसांहून अधिक नाहीं, अशी मर्यादा घातली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११ व १२ या कलमांत ती मर्यादा, व ती शिक्षाहि, कायम आहे.

रस्त्यांवरील या टोळ्यांचे कागद मुंबई इलाख्यांतहि झाले असलेच पाहिजेत: हजेऱ्या, खोराकीच्या यादी, पळालेल्यांचे चेहरेपट. १८३० ते १८६० या दरम्यानचे असे मोडी किंवा देवनागरी कागद कोणा संग्राहकांपाशीं असल्यास त्यांनीं त्यांची यादी, निदान तिथि व गांव एवढें तरी, मंडळाकडे पाठवावें. कैद्याचा स्वतःचा जबाब एखाद्या रुमालांत निघाला, तर तो प्रथम कळवावा.